पंचेचाळीस मिनिटांची बाजू

टीडीकेच्या डी-९० कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटं चालायची. ओअ‍ॅसिसचा 'मॉर्निंग ग्लोरी' हा अल्बम चालतो पन्नास मिनिटं. वरची पाच मिनिटं जालन्यात कधी पोचलीच नाहीत. अल्बमचं शेवटचं गाणं 'शॅम्पेन सुपरनोव्हा', साडेसात मिनिटांचं. आमच्याकडे ते सुरू व्हायचं, जरा कुठे रंगात यायचं आणि खट्कन टेपचं बटण वर यायचं. आमच्या लेखी ते गाणं तिथेच संपत होतं.

कॅसेटी भरून आणायचा माझा मावसभाऊ. तो पुण्याला इंजिनिअरिंगला होता. होस्टेलवर त्याच्या खोलीत मुंबईचा एक मुलगा होता, आणि त्या मुलाकडे डबल डेकचा टेप अन् विकतच्या इंग्रजी कॅसेटींनी भरलेली पेटी. विकतची इंग्रजी कॅसेट तेव्हा शंभराच्या पुढे जायची. तेवढ्यात हिंदी सिनेमाच्या दोन यायच्या आणि वर चहा सुटायचा. भावाला गाण्याबिण्यात रस नव्हता, पण माणूस हिशेबी. एका कोऱ्या कॅसेटीत दोन अल्बम बसवायचे, एका बाजूला एक. बसले नाहीत तर शेवट गेला, त्यात काय एवढं, असा त्याचा सरळ कारभार. वर बॉलपेनने नावं लिहायची, तीही त्याला वाटतील तशी. कव्हर नाही, गाण्यांचे शब्द नाहीत, वाजवणारे दिसतात कसे याचा पत्ता नाही.

एका कॅसेटीत त्याने ए बाजूला ओअ‍ॅसिस आणि बी बाजूला ब्लरचा 'पार्कलाइफ' भरला होता. १४ ऑगस्ट १९९५ ला या दोन बँडांनी आपापलं नवं गाणं एकाच दिवशी बाजारात आणलं होतं, आणि सगळं इंग्लंड निवडणुकीचा निकाल लागावा तसं आकड्यांकडे डोळे लावून बसलं होतं. त्या आठवड्यात ब्लरच्या २ लाख ७४ हजार प्रती गेल्या, ओअ‍ॅसिसच्या २ लाख १६ हजार. मँचेस्टरची कामगारांची पोरं विरुद्ध दक्षिणेकडची शिकलेली पोरं, असं ते भांडण रंगवलं गेलं. आमच्याकडे हे दोन्ही पक्ष एकाच प्लास्टिकच्या डबीत सुखाने नांदत होते.

'आमच्याकडे' म्हणजे मी आणि शेठ. शेठ हे त्याचं खरं नाव नव्हे. वडिलांचा लोखंडाचा धंदा, म्हणून शाळेपासून सगळे त्याला शेठ म्हणत, आणि आता तो खरोखरच शेठ झाल्यामुळे ते नाव बदलायचं कारण उरलेलं नाही. त्याच्या घराच्या गच्चीवर एक खोली होती. तिथे गहू वाळवण्याच्या चादरी, जुन्या वह्या, एक मोडका कूलर आणि आमचा टेप. दिवे गेले की टेप सेलवर चालायचा. सेल उतरायला लागले की ओअ‍ॅसिसच्या लियाम गॅलॅगरचा आवाज हळूहळू जड होत जायचा, आणि शेवटी तो कोणी दमलेला म्हातारा कीर्तनकार वाटायला लागायचा. मग सेल काढून गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवायचे. त्यावर आणखी दोन-तीन गाणी निघायची.

खाली गावात वेगळंच वाजत असायचं. लग्नसराईत बँडवर आनंद शिंदे, एकादशीला प्रल्हाद शिंदे, पानटपऱ्यांवर कुमार सानू. १९९८ च्या सुमारास 'गारवा' आला. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांची ती पावसाची गाणी कॉलेजातल्या प्रत्येक प्रेमवीराच्या तोंडी होती. पावसाची वाट बघून डोळे फुटायची वेळ येणाऱ्या आमच्या जिल्ह्यात पावसाच्या गाण्यांनी एवढा जीव लावावा, याचं मला तेव्हाही कौतुक वाटायचं. जालना सोन्याचा पाळणा म्हणतात ते व्यापारासाठी. मोंढा, जिनिंग, बियाणं, पुढे सळई. गाणं हा गावाचा धंदा नव्हता. ज्या पोरांना क्रिकेट जमत नाही, मारामारी जमत नाही आणि मुलींशी बोलता येत नाही, अशांनी गच्चीवर करायची ती गोष्ट.

अपवाद काकूंचा. शेठची आई सकाळी रेडिओ लावायची तो रात्रीच बंद व्हायचा. १९९८ च्या सुरुवातीला टीव्हीवर एक गाणं सारखं दिसायला लागलं, कॉर्नरशॉप नावाच्या बँडचं, 'ब्रिमफुल ऑफ आशा'. हा बँड लेस्टरचा, गाणारा तजिंदर सिंग हा इंग्लंडातच वाढलेला पंजाबी, आणि गाणं चक्क आशा भोसल्यांवर. आधी १९९७ मध्ये ते आलं तेव्हा ब्रिटनच्या यादीत साठाव्या नंबरवर अडकलं. मग नॉर्मन कुक, म्हणजे फॅटबॉय स्लिम, याने त्याचा वेग वाढवून पुन्हा काढलं आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते पहिल्या नंबरला गेलं. आम्ही धावत खाली जाऊन काकूंना सांगितलं, विलायतेत आशाबाईंवर गाणं निघालंय आणि ते सगळ्यात वर आहे. काकू भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "मग? त्यांना आता कळलं का?"

*

गेल्या दिवाळीत, २०२५ च्या, शेठने फर्मान काढलं. कॅसेटींवरचे ते सगळे अल्बम परत ऐकायचे, अगदी शेवटपर्यंत. मधलं गाणं गाळायचं नाही, फोन घ्यायचा नाही, आणि शेवटचं गाणं संपल्याशिवाय गाडीतून उतरायचं नाही. ऐकायची जागा गाडीच, कारण घरात नातवंडांच्या वयाची भाचरं आणि दुकानात फोन. मी पुण्याहून गेलो होतो. निमित्त होतं त्याच्या मुलीचं. ती जानेवारीत अहमदाबादला कोल्डप्लेच्या कार्यक्रमाला जाऊन आली होती आणि बापाला 'तुमच्या काळात काय होतं' म्हणाली होती. शेठला ते चांगलंच झोंबलं.

ओअ‍ॅसिसपासून सुरुवात केली. खरं सांगायचं तर निराशाच झाली. सुरावटी अजूनही गळ्यात येतात, ध्रुवपद आलं की मान आपोआप वर होते, पण आता शब्द फोनवर समोर दिसतात आणि त्यात हाताला फारसं काही लागत नाही. तेव्हा शब्द कळत नव्हते ते बरं होतं. त्या घोगऱ्या ओरडण्यात आम्ही आमचा अर्थ भरत होतो. 'शॅम्पेन सुपरनोव्हा' मात्र पूर्ण ऐकलं. आमचं बटण जिथे वर यायचं त्याच्यापुढे गिटारचा मोठा पसारा आहे, गाणं चढतं, पसरतं आणि मग अगदी सावकाश उतरतं. शेठ एवढंच म्हणाला, "आपल्या भावानं लेका डी-९० च्या जागी विकतची आणली असती तर?" भावाला हे फोन करून विचारलं. त्याला कॅसेटी भरल्याचंच आठवत नव्हतं.

भोकरदनच्या रस्त्याला 'पार्कलाइफ' लावला. राजूरला गणपतीसाठी थांबलो, तेवढी सूट शेठने नियमात करून घेतली. हा अल्बम १९९४ चा. पूर्वी आम्हाला तो नुसता गमतीचा वाटायचा, कुणीतरी भरभर बडबडतंय, मध्येच बाजा वाजतोय. आता कळतं की त्यात सगळी माणसं आहेत: सुट्टीवर गेलेली टोळकी, सरकारी नोकरीतला कंटाळलेला, म्हातारपण मोजणारे. आणि शेवटाकडे 'धिस इज अ लो' नावाचं गाणं आहे, जे आमच्या बाजूत आलंच नव्हतं. बीबीसीच्या रेडिओवर जहाजांसाठी हवामानाची वार्ता देतात, समुद्राच्या एकेका पट्ट्याचं नाव घेऊन. बँडमधल्या अ‍ॅलेक्स जेम्सने गाणाऱ्या डेमन अल्बर्नला त्या पट्ट्यांचा नकाशा छापलेला रुमाल नाताळात भेट दिला, आणि त्या नावांतून हे गाणं झालं. परदेशात असताना घरची आठवण आली की तो बँड ती वार्ता ऐकायचा म्हणे. शेठने गाणं परत लावलं. नियमात परत लावायला बंदी नव्हती. "आकाशवाणीवर बाजारभाव सांगायचे ना," तो म्हणाला, "लातूर तूर, जालना हरभरा... आमचे बाबा गिऱ्हाईक नसलं तरी ते ऐकत बसायचे." त्या अल्बममधलं सगळ्यात चांगलं गाणं हेच, असं माझं ठाम मत झालं आहे.

ते संपलं तेव्हा आम्ही असईच्या शिवारात होतो. कापसाची वेचणी चालू होती, बांधावर बायका ओट्यांतला कापूस गोणीत रिता करत होत्या. केळना आणि जुई या नद्यांमधला हा टापू. २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्ली इथे लढला आणि जिंकला. त्याच्या बाजूचे दीड हजारांहून जास्त लोक मारले गेले किंवा जखमी झाले. पुढे हाच ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, १८१५ ला वॉटर्लूवर त्याने नेपोलियनला हरवलं, नंतर पंतप्रधानही झाला. म्हातारपणी त्याला विचारलं की लढाईतली तुमची सर्वांत उत्तम कामगिरी कोणती, तर म्हणाला, असई. असं सांगतात. वॉटर्लूच्या नावाचं लंडनला स्टेशन आहे, पूल आहे, आणि १९६७ साली द किंक्स या बँडने त्यावरून केलेलं गाणं आहे. ब्लरचे लोक याच किंक्सना गुरुस्थानी मानतात. असईला एसटीचा थांबा आहे. त्याच वेलिंग्टनच्या नावाचे गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून आता हजारो पोरं ग्लॅस्टनबरीच्या चिखलात गाणी ऐकायला उभी राहतात. त्यातल्या एकाने तरी असईचं नाव ऐकलं असेल का, याची शेठला फार उत्सुकता. मला नाही. आपल्याकडच्या किती जणांनी ऐकलंय ते आधी मोजावं लागेल.

द स्मिथ्सचा 'द क्वीन इज डेड' परतताना लावला. गिटार वाजवणारा जॉनी मार आजही अप्रतिम. गाणाऱ्याचं कुढणं मात्र विशीत जेवढं आपलं वाटतं तेवढं पन्नाशीकडे झुकल्यावर वाटत नाही. नियम होता म्हणून ऐकला.

'अर्बन हिम्स' बद्दल शेठला गाण्यांपेक्षा सौद्यात जास्त गोडी. द व्हर्वचा हा अल्बम १९९७ चा, आणि 'बिटर स्वीट सिम्फनी' ऐकलं नाही असा त्या पिढीचा माणूस नसेल. त्यातला व्हायोलिनचा तुकडा रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्याच्या वाद्यवृंदी रूपावरून घेतलेला. परवानगी घेतली होती, पण वाद झाला आणि गाण्याचा मालकी हक्क स्टोन्सच्या जॅगर आणि रिचर्ड्स यांच्या नावावर गेला. शब्द रिचर्ड अ‍ॅशक्रॉफ्टचे, आवाज त्याचा, पैसे दुसऱ्यांचे. हे बावीस वर्षं चाललं. २०१९ मध्ये जॅगर आणि रिचर्ड्सनी हक्क परत केले. शेठ हे सगळं ऐकून गाडी बाजूला घेऊन थांबला. "बावीस वर्षांचं व्याज?" "ते नाही बहुतेक." "मग काय परत केलं? मुद्दल?" व्यापाऱ्याबरोबर गाणी ऐकली की असे प्रश्न निघतात, आणि ते संगीत समीक्षकांच्या प्रश्नांहून चांगले असतात.

रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर' समृद्धी महामार्गावर ऐकला. याहून योग्य जागा सापडणार नाही. अल्बमचं पहिलंच गाणं एअरबॅगवर आहे. गाणारा टॉम यॉर्क तरुणपणी गाडीच्या अपघातातून वाचला होता, तेव्हापासून गाड्यांची भीती त्याच्या मनातून गेली नाही. १९९७ साली जालन्यात एअरबॅग असलेली गाडी आम्ही पाहिलेली नव्हती. आता सरळसोट सिमेंटचा रस्ता, एकशेवीसचा वेग, दोन्ही बाजूंना काहीच हलत नाही असा उजाड पट्टा आणि डुलकी यावी असा टायरांचा एकसुरी आवाज. जुलै २०२३ मध्ये याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले. त्या पट्ट्यातून जाताना शेठने वेग ऐंशीवर आणला, आणि आम्ही दोघंही बोललो नाही. तेव्हा हा अल्बम आम्हाला भविष्याबद्दलचा वाटायचा.

मधल्या एका संध्याकाळी काकूंना कॉर्नरशॉप ऐकवला. आता त्या थकल्या आहेत, पण कान शाबूत. आम्ही तेव्हा टीव्हीवर ऐकलं ते कुकने पळवलेलं रूप. अल्बमवरचं मूळ गाणं संथ आहे, गिटारच्या दोन-चार साध्या सुरांवर डुलत जातं, आणि तेच खरं. पळवलेलं रूप आज लग्नातल्या डीजेसारखं शिळं वाटतं. शेठने आईला नवी बातमीही दिली: ब्लरच्या त्याच डेमन अल्बर्नचा गोरिलाज हा दुसरा बँड 'द माउंटन' नावाचा अल्बम काढतोय, मुखपृष्ठावर देवनागरीत 'पर्वत' लिहिलंय, आणि गाणाऱ्यांत आशा भोसले आहेत, नव्वदीच्या पुढच्या. दीनानाथांच्या सांगलीत जन्मलेल्या मुलीचं नाव तिकडच्या एका बँडने गाण्यात घेतलं, दुसऱ्याने थेट तिलाच गायला बोलावलं. काकूंनी विचारलं, "पैसे नीट देतात ना?"

राहता राहिला पल्प. तो शेठने मुद्दाम शेवटी ठेवला होता, आणि ऐकायची जागाही ठरवलेली होती: एमआयडीसी.

'डिफरंट क्लास' १९९५ चा. पल्प हा शेफील्डचा बँड, आणि शेफील्ड म्हणजे पोलादाचं गाव. स्टेनलेस स्टील १९१३ मध्ये तिथेच हॅरी ब्रिअर्लीच्या हातून घडलं. जार्व्हिस कॉकरने शाळेत असताना, १९७८ मध्ये, बँड काढला, आणि नाव व्हायला त्याला पंधरा-सोळा वर्षं लागली. त्या काळात त्याच्या डोळ्यांदेखत गावातले कारखाने एकामागून एक बंद पडले. हॅडफील्ड्सच्या पोलाद कारखान्याच्या जागेवर १९९० मध्ये मेडोहॉल नावाचा मोठा मॉल उभा राहिला. मुंबईच्या गिरणगावाची गोष्ट सांगायला नको, साल आणि मॉलची नावं बदलली की झालं.

हे तेव्हा आम्हाला कोण सांगणार? इंग्लंड म्हणजे लंडन, धुकं आणि राणी. आम्ही पल्प ऐकत होतो ते जालन्यातून सुटका म्हणून, आणि ज्याची गाणी ऐकत होतो तो आमच्यासारख्याच भट्ट्यांच्या गावातून सुटून आलेला. फरक एवढाच की त्याचं गाव विझत चाललं होतं आणि आमचं पेटत होतं. रोलिंग मिल वाढत होत्या, इंडक्शन भट्ट्या येत होत्या. भंगार वितळवायचं, बिलेट काढायचे, सळई ओढायची, आणि अर्ध्या महाराष्ट्रातले स्लॅब आमच्या सळईवर उभे. ब्रिटनमधून भंगार जहाजांनी भारतात येतं, हे शेठला धंद्यामुळे चांगलं माहीत. "म्हणजे शेफील्डची एखादी मशीन आपल्या भट्टीत गेली असेल बघ," तो म्हणाला. "सांगता येत नाही भौ."

'मिसशेप्स' या पहिल्या गाण्यात गावात मार खाणाऱ्या विचित्र पोरांची फौज आहे. त्यासाठी तेव्हाही शब्दांची गरज पडली नव्हती. 'कॉमन पीपल' मात्र आता कळलं. श्रीमंत घरची मुलगी, लंडनला कला शिकायला आलेली, तिला साध्या गरीब माणसांसारखं राहून बघायचंय. गाणारा तिला सांगतो की ते तुला जमायचं नाही, कारण तुझा बाप एका फोनवर तुला सोडवून नेईल. मी पुण्यात पहिल्यांदा राहायला गेलो तेव्हा 'तुमच्याकडची भाकरी, ठेचा, किती अस्सल' म्हणणारे भेटले. आता ते शनिवार-रविवार पैसे मोजून शेतावर राहायला जातात, हुरडा खातात आणि सोमवारी परत. त्यांच्यावर मी कधी चिडलो नाही. जार्व्हिस माझ्या वाटचं चिडून गेलाय.

अल्बमचं कव्हरही आता कुठे पाहिलं. एका खऱ्या लग्नाचा फोटो, आणि त्यात पाहुण्यांमध्ये बँडवाल्यांचे पुठ्ठ्याचे काळे-पांढरे पुतळे उभे केलेले. शेठ बघून हसला. "वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपल्याकडे हेच करतात, फक्त पुतळे जास्त असतात."

पल्पचा नवा अल्बम 'मोअर' जून २०२५ मध्ये आला, चोवीस वर्षांनी. माझ्या मते चांगला आहे. साठी ओलांडलेल्या माणसाने साठी ओलांडल्यासारखं गायलंय. शेठला तो पटत नाही. त्याचं म्हणणं, जुना माल नव्या भावाने. यावर आमचं बरंच वाजलं आणि तो वाद मिटलेला नाही.

'मंडे मॉर्निंग' हे अकरावं गाणं लागलं तेव्हा गाडी वजनकाट्याच्या तोंडाशी होती. आमच्या कॅसेटीत हे मिनिटभर वाजायचं आणि खट्. त्यापुढचं 'बार इटालिया' तर ऐकलेलंच नव्हतं. रात्रभर भटकून थकलेली दोन माणसं पहाटे लंडनच्या सोहोतल्या उघड्या असलेल्या एकमेव कॉफीच्या दुकानात जातात, एवढंच गाणं. ते सुरू झालं आणि मागे भंगाराने भरलेला ट्रक येऊन उभा राहिला. त्याने हॉर्न दिला. शेठ हलेना. ट्रकवाल्याने आणखी दोन हॉर्न दिले, मग खाली उतरून काचेवर बोटं वाजवली. शेठने काच चार बोटं खाली केली आणि म्हणाला, "दादा, तीन मिनिटं. शेवटचंच आहे."

"काटा बंद हाय का?" ट्रकवाल्याने विचारलं.

"काटा चालू आहे. गाणं चालू आहे."

तो काही वेळ आमच्याकडे बघत राहिला आणि मग आमच्याच गाडीला टेकून त्याने तंबाखू मळायला घेतली.